अंधाराचे औषध

आमच्या साताऱ्याच्या घरातल्या खिडक्यांना १९७७ ते १९९४ अशी सतरा वर्षे जाड काळे पडदे होते. १९७७ साली माझा धाकटा भाऊ चौदा वर्षांचा होता. संध्याकाळी मैदानावरून परतताना तो धडपडायचा, जेवताना पाण्याचा तांब्या लवंडायचा. घरात आजी रातांधळ्या जावयाची गोष्ट फार रंगवून सांगत असे. सासुरवाडीला गेलेला जावई आपले रातांधळेपण लपवायला काय काय करतो, हे ऐकून आम्ही लोळून हसायचो. हा मुलगा त्या जावयासारखेच करतो आहे, हे आम्हाला कळायला दोन वर्षे गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत पाहिले आणि ‘रेटिनायटिस पिगमेंटोसा’ असे नाव चिठ्ठीवर लिहिले. औषध नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मात्र उजेडाने हा रोग वेगाने वाढतो असे दिसते, तेव्हा मुलाला जपा, उन्हात नेऊ नका, असेही सांगितले. आईने त्याच आठवड्यात पडदे शिवले. भावाचे क्रिकेट बंद झाले. शाळेतही तो खिडकीपासून लांबच्या बाकावर बसू लागला.

पडदे निघाले ते त्याच्या लग्नानंतर. नव्या सुनेने, “मला अंधारात स्वयंपाक जमत नाही,” असे आईंना सांगितले आणि खुर्चीवर चढून ते काढून टाकले. आई काही बोलली नाही.

काही वर्षांपूर्वी भावाची जनुकीय तपासणी झाली. रिपोर्ट हातात आल्यावर त्याने मला विचारले, “दादा, तू कॉलेजात जीवशास्त्र शिकवलंस. मला एकच सांग. मी ते क्रिकेट उगाच सोडलं का रे?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला बरेच महिने लागले. शोधता शोधता जे सापडले ते एका घरापुरते नाही, म्हणून ते येथे मांडतो आहे.

पटलावरची लाली

डोळ्याच्या आतल्या बाजूला पातळ अस्तरासारखे दृष्टिपटल असते. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकुपेशी प्रत्येक डोळ्यात सुमारे ६० लाख असतात. त्या मध्यभागी दाटीने बसलेल्या असतात आणि दिवसाचे रंग, वाचन, चेहरे ही त्यांची कामे. दंडपेशी सुमारे १२ कोटी असतात. त्या कडेकडेने पसरलेल्या असतात आणि मंद प्रकाशात पाहणे ही त्यांची जबाबदारी. रेटिनायटिस पिगमेंटोसात आधी दंडपेशी मरतात. म्हणून पहिले लक्षण रातांधळेपणा. मग नजरेचे वर्तुळ कडेकडून आकसत जाते आणि माणूस नळीतून पाहिल्यासारखे पाहू लागतो. शेवटी दंडपेशींच्या पाठोपाठ शंकुपेशीही जातात. जगभर साधारण चार हजारांत एकाला हा रोग असतो. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या एका मोठ्या नेत्रपाहणीत मात्र हे प्रमाण सुमारे साडेसातशेत एक असे आढळले. पाहणीत सापडलेल्या रुग्णांची संख्या लहान होती, तरी हा आकडा आपल्याला विचारात पाडणारा आहे. त्याचे एक कारण आपल्या नात्यांतल्या लग्नांत असावे. त्याकडे पुढे येतो.

आपल्याकडे रातांधळेपणा म्हटला की गाजर, शेवग्याचा पाला, माशाच्या तेलाच्या गोळ्या आठवतात. सुश्रुताने नक्तांध्यावर बोकडाचे यकृत सांगितले आहे. यकृतात जीवनसत्त्व अ भरपूर असते, त्यामुळे त्या जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेल्या रातांधळेपणावर हा उपाय खरोखर गुण देतो. आपल्या सरकारने १९७० पासून लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस द्यायला सुरुवात केली, ती याच अभावासाठी. आनुवंशिक रातांधळेपणा ही वेगळी गोष्ट. तिथे कच्चा माल पुरेसा असतो, बिघाड यंत्रात असतो. आमच्या आजीने भावाला कितीतरी यकृत खाऊ घातले. त्याचा उपयोग होणार नव्हता.

हे यंत्र कसे चालते, याचा पहिला धागा फ्रान्झ बोल या जर्मन शास्त्रज्ञाला रोममध्ये १८७६ साली सापडला. अंधारात ठेवलेल्या बेडकाचे दृष्टिपटल काढले तर ते लालसर दिसते आणि उजेडात पाहता पाहता फिके पडते, हे त्याने पाहिले. पुढच्या दोन वर्षांत हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूनने सशाला अंधारात ठेवून मग खिडकीकडे तोंड करून बसवले आणि नंतर त्याच्या दृष्टिपटलावर त्या खिडकीची, तिच्या गजांसकट उमटलेली आकृती तुरटीच्या पाण्यात पक्की करून दाखवली. ही लाली म्हणजेच रोडॉप्सिन. एका प्रथिनाच्या खोबणीत जीवनसत्त्व अ पासून बनलेला एक लहान रेणू बसलेला असतो. प्रकाशाचा कण पडला की त्या रेणूची वाकडी शेपटी सरळ होते, प्रथिनाचा आकार बदलतो आणि पेशीतून संदेश निघतो. त्यानंतर तो रेणू सुटतो, शेजारच्या रंगद्रव्य-थरात जातो, पुन्हा वाकवला जातो आणि परत येतो. जीवनसत्त्वाचा हा सहभाग उलगडणाऱ्या जॉर्ज वाल्डला १९६७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

प्रकाश हे डोळ्याचे अन्न मानावे, तर या व्यवहारात धोकेही आहेत. सुटलेला रेणू रासायनिकदृष्ट्या आक्रमक असतो. वेळेत आवरला नाही तर तो आसपासच्या प्रथिनांना चिकटतो. दंडपेशींच्या पडद्यांतली चरबी सहज खवट होणाऱ्या जातीची, आणि दृष्टिपटलाला प्राणवायूचा पुरवठा मुबलक. तेल, हवा आणि ऊन एकत्र आल्यावर काय होते, हे लोणच्याची बरणी सांभाळणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. निरोगी पेशी यावर एक उपाय करते: दंडपेशी आपल्या टोकाचा सुमारे दहावा भाग रोज टाकून देते आणि खालून नवा बनवते. टाकलेला तुकडा रंगद्रव्य-थर गिळून पचवतो. सुमारे दहा दिवसांत टोक पूर्ण नवे होते. ही झाडलोट आयुष्यभर चालू असते.

उंदरांनी सांगितलेली गोष्ट

आमच्या डॉक्टरांनी १९७७ साली दिलेला सल्ला मला पुढे बरीच वर्षे अडाणी वाटत होता. तो तसा नव्हता, हे मला आता कळले. १९६२ साली अमेरिकेत जॉन डाउलिंग आणि रिचर्ड सिडमन यांनी जन्मतः दृष्टिपटलाचा ऱ्हास होणाऱ्या एका उंदराच्या वंशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या उंदरांत रंगद्रव्य-थर टाकलेले तुकडे गिळत नाही. कचरा साचतो आणि पेशी मरतात. ही पिल्ले अंधारात वाढवली तर ऱ्हासाचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. पुढे १९७५ मध्ये, याच वंशातल्या रंगीत डोळ्यांच्या उंदरांत रोग गुलाबी डोळ्यांच्या उंदरांपेक्षा सावकाश वाढतो, हेही दिसले. रंगीत बुबुळ म्हणजे जणू जन्मजात पडदाच.

१९६६ मध्ये वर्नर नोएल यांनी याहून खळबळजनक निरीक्षण नोंदवले. अगदी निरोगी पांढरे उंदीर दिवसभर अखंड प्रकाशात ठेवले तर त्यांच्या दृष्टिपेशी कायमच्या मरतात. त्यासाठी सूर्याकडे पाहण्याइतका प्रखर प्रकाश लागत नाही, डोळा भाजावा लागत नाही. इजा करण्यात सर्वांत पटाईत प्रकाश हिरवट होता, म्हणजे नेमका रोडॉप्सिन जो सर्वाधिक शोषते तो. उंदराच्या शरीराचे तापमान वाढले की इजाही वाढे. प्रकाशाची वाट रोडॉप्सिनमधूनच मृत्यूपर्यंत जाते, असा त्याचा अर्थ होता.

हे दोन शोध शेजारी ठेवले की १९७० च्या दशकातल्या कुणाही जाणत्या डॉक्टरला काय वाटले असेल, ते उघड आहे. बोस्टनचे एलियट बर्सन यांनी १९७१ साली ते लिहूनच टाकले: प्रकाश कमी करणे हा रेटिनायटिस पिगमेंटोसावरचा उपाय असू शकेल, अशी ती परिकल्पना होती. आमच्या डॉक्टरांनी कुठेतरी तिच्याबद्दल वाचले असणार. त्यांचा सल्ला त्या वेळच्या विज्ञानाच्या मागे नव्हता, बरोबर होता. फक्त विज्ञान अजून मध्यावरच होते.

बर्सन यांनी परिकल्पना मांडून सोडून दिली नाही. त्यांनी तपासणीची जी रीत निवडली ती मला अतिशय सुंदर वाटते. या रोगात दोन्ही डोळे बहुधा सारख्याच गतीने बिघडतात. म्हणजे एकाच माणसाचा एक डोळा झाकावा आणि दुसरा उघडा ठेवावा; तुलनेसाठी दुसरा माणूस शोधायची गरज नाही. तेच वय, तोच आहार, तेच जनुक. दोन रुग्ण तयार झाले. त्यांनी एका डोळ्यावर संपूर्ण अपारदर्शक, मोठी कॉन्टॅक्ट लेन्स रोज सहा ते आठ तास लावली, आणि ती तब्बल पाच वर्षे. या दोघांनी विज्ञानासाठी काय दिले, याची कल्पना करून पाहा. आधीच आकसत चाललेली दृष्टी, आणि त्यातला अर्धा भाग दिवसातले सहा-आठ तास स्वतःहून बंद. १९८० साली निकाल छापून आला. दोन्ही डोळे सारखेच बिघडले होते. झाकलेल्या डोळ्याला काहीही फायदा झाला नव्हता.

१९८०! आमच्या पडद्यांना तेव्हा तीनच वर्षे झाली होती. पुढची चौदा वर्षे ते तसेच राहिले, कारण तो निकाल बोस्टनहून साताऱ्याला आलाच नाही. यात मी कुणाला दोष देत नाही. ‘हे करा’ असा सल्ला लवकर पसरतो, ‘हे केलेत तरी फरक पडत नाही’ ही बातमी मात्र बहुधा वाटेतच राहते.

एक नाव, अनेक रोग

गोष्ट इथे संपली असती तर भावाला उत्तर देणे सोपे होते. पण दोन रुग्णांवरून सगळ्यांबद्दल बोलता येते का? १९८० साली रेटिनायटिस पिगमेंटोसा हे एका रोगाचे नाव समजले जाई. १९९० मध्ये थॅडियस ड्राया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कुटुंबांत रोडॉप्सिनच्याच जनुकातली चूक शोधून काढली; प्रथिनाच्या तेविसाव्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरेच आले होते. त्यानंतर एकेक जनुक सापडत गेले आणि आज आनुवंशिक दृष्टिपटल-ऱ्हासाशी जोडलेल्या जनुकांची संख्या शेकड्यांत मोजावी लागते. घर पडले हे दिसणारे लक्षण एकच. पण कुठे वाळवी, कुठे ओल, कुठे पायाच कच्चा. ओल असलेल्या घराला उन्हाचा उपयोग होतो, वाळवीच्या घराला होत नाही. प्रकाशाबद्दलचा प्रश्न प्रत्येक बिघाडाला वेगळा विचारावा लागतो. मी वाचले त्यावरून या बिघाडांचे ढोबळमानाने चार गट करता येतात.

पहिला गट रोडॉप्सिनची घडीच चुकलेल्यांचा. अशा चुकीचे रोडॉप्सिन प्रकाशाचा कण घेतल्यावर अस्थिर होते आणि पेशीला घातक ठरते. असे जनुक घातलेले उंदीर प्रकाशात लवकर आंधळे होतात, अंधारात सावकाश. सर्वांत बोलका पुरावा कुत्र्यांचा आहे. रोडॉप्सिनमध्ये नैसर्गिकरीत्या अशीच चूक असलेल्या कुत्र्यांच्या डोळ्यांत, दवाखान्यात माणसाच्या दृष्टिपटलाचा फोटो काढताना वापरतात त्या पातळीचा प्रकाश टाकला, तरी तेवढा भाग पुढच्या काही दिवसांत मेला, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांतही रोडॉप्सिनच्या काही चुकांत रोग दृष्टिपटलाच्या खालच्या भागातच अधिक दिसतो. आकाश वर आहे आणि डोळ्यातली प्रतिमा उलटी पडते, म्हणजे खालच्या भागावर आयुष्यभर जास्त उजेड पडतो. हा पुरावा परिस्थितिजन्य आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

दुसरा गट सफाईच्या बिघाडाचा. स्टारगार्ट या रोगात सुटलेला आक्रमक रेणू बाहेर काढणारे एक प्रथिन निकामी असते. त्यामुळे रंगद्रव्य-थरात पिवळसर कचरा साचतो आणि मधली, वाचायची दृष्टी लहान वयातच जाते. रेणू सुटतो तो प्रकाश पडल्यावरच. त्यामुळे प्रकाश कमी तर कचरा कमी, हा तर्क इथे सरळ आहे. उंदरांत तो खरा ठरला आहे. नेदरलँड्समध्ये पाच रुग्णांनी बर्सन यांच्याच रीतीने एका डोळ्यावर दिवसभर काळी कॉन्टॅक्ट लेन्स लावली. निदान वर्षभर त्यांचे निरीक्षण केले गेले. २०१५ मध्ये छापलेल्या निकालात पाचांपैकी चौघांच्या झाकलेल्या डोळ्यात ऱ्हासाचे डाग उघड्या डोळ्यापेक्षा कमी पसरले होते. पाच ही संख्या लहानच. पण पस्तीस वर्षांनी तीच रीत योग्य रोगाला लावली तेव्हा काटा हलला, एवढे खरे. या रोगात जीवनसत्त्व अ च्या मोठ्या गोळ्या मात्र टाळायला सांगतात; त्या कचऱ्यात भरच घालू शकतात.

तिसरा गट विचित्र आहे. इथे प्रकाश पडला नाही तरी पेशीला तो पडतो आहे असेच वाटत राहते. वाकडा रेणू पुन्हा बनवणारे प्रथिन नसेल तर रोडॉप्सिनची खोबणी रिकामी राहते आणि रिकामी खोबणी मंद पण अखंड संदेश देत राहते. गॉर्डन फेन आणि जॉन लिसमन यांनी १९९३ साली याला ‘प्रकाशतुल्य’ अवस्था म्हटले. अशा माणसाला काळोख्या खोलीत ठेवून काय मिळणार? बटण आतून चिकटले आहे. याच गटातल्या एका जन्मजात अंधत्वावर निरोगी जनुक डोळ्यात टोचण्याची उपचारपद्धती अमेरिकेत २०१७ साली मंजूर झाली. आनुवंशिक दृष्टिपटल-रोगावरचा तो पहिला मंजूर जनुकोपचार.

चौथा गट बांधणीच्या बिघाडाचा. पेशीचे टोक आणि धड जोडणारा सांधा, त्यातून होणारी मालाची ने-आण, टोकाची घडण यांतले काहीतरी कमकुवत असते. प्रकाशाच्या साखळीत थेट दोष नसतो. इथे प्रकाश हा मूळ शत्रू नव्हे. फार तर आधीच दमलेल्या हमालावर थोडे ओझे वाढवणारा.

अंधार फुकट मिळत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आपल्याला वाटते की अंधारात डोळा विश्रांती घेतो. दंडपेशीचे उलट आहे. अंधारात तिच्या पडद्यातली दारे उघडी असतात, आत शिरणारे क्षार सतत बाहेर उपसावे लागतात आणि त्यासाठी ती प्रकाशात लागतो त्याहून जास्त प्राणवायू खाते. शिवाय अंधारात वाढवलेल्या उंदरांच्या पटलात रोडॉप्सिन जास्त साठते, आणि त्यांना अचानक प्रखर उजेडात आणले तर नेहमीच्या उजेडात वाढलेल्यांपेक्षा इजा अधिक होते. दिवसभर पडद्याआड आणि मग एकदम एप्रिलच्या उन्हात, हे त्या दृष्टीने काही फार शहाणपणाचे नव्हते. डोळ्यात दृष्टीशी संबंध नसलेल्या, शरीराचे घड्याळ लावणाऱ्या पेशीही असतात. त्यांना दिवसाचा उजेड लागतो. माझा भाऊ त्या वर्षांत रात्री जागा आणि दिवसा पेंगुळलेला असे. आम्ही ते त्याच्या दुःखाच्या खात्यावर टाकले होते.

पडदा आणि टोपी

मग व्यवहारात काय करावे? थोडे अंकगणित उपयोगी पडते. भर दुपारच्या उन्हात प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. दिवे लावलेल्या खोलीत तीनशे ते पाचशे. चांगला गडद गॉगल उन्हातला सुमारे १५ टक्के प्रकाश आत सोडतो, म्हणजे पंधरा हजार लक्स. गॉगल लावून उन्हात उभा असलेला माणूस घरात बसलेल्यापेक्षा तीस ते पन्नास पट उजेडात असतो. गॉगलमागे बाहुलीही थोडी मोठी होते, म्हणून प्रत्यक्षातली बचत त्याहूनही कमी. घरातल्या साध्या उजेडात रोडॉप्सिनचा अगदी लहान अंश विरतो. मोठा हिस्सा विरतो तो उन्हात.

यावरून दोन गोष्टी निघतात. प्रकाशाचा हिशेब करायचाच तर तो घराबाहेर करायचा. खिडकीच्या पडद्याने वाचते ते जमेस धरण्याजोगे नाही. आणि बाहेर नुसत्या गॉगलपेक्षा गॉगल, रुंद काठाची टोपी आणि भर दुपार टाळणे हे तिन्ही मिळून काही उपयोग होतो. आकाशातून थेट येणारा उजेड टोपीचा काठ अडवतो, तेही पायाखालचे दिसणे न घालवता. आपल्या जुन्या शेतकऱ्यांच्या पागोट्याला काठ नव्हता, पण कोकणातल्या इरल्याला होता.

पिवळसर किंवा तांबूस काचांचा चष्मा बऱ्याच रुग्णांना आवडतो. त्याने चमक कमी वाटते आणि उन्हातून सावलीत आल्यावर डोळे लवकर सरावतात. हा सोयीचा लाभ आहे आणि तो खरा आहे; रोग थांबवण्याचा लाभ म्हणून तो विकला जात असेल तर तेवढे मात्र मानू नये. घरात वाचताना, चिरताना, जिना उतरताना भरपूर उजेड हवा. उरलेल्या शंकुपेशींना काम करायला उजेड लागतो आणि अंधारात पडून मोडलेले खुब्याचे हाड कुठल्याही जनुकाच्या चुकीपेक्षा लवकर माणसाला अंथरुणाला खिळवते. रोडॉप्सिनची चूक किंवा स्टारगार्ट ठरलेल्या रुग्णाने मात्र उन्हाबद्दल जास्त काटेकोर राहावे आणि फोटोच्या तपासण्यांच्या वेळी डॉक्टरांशी आधी बोलावे. कमी उजेडात किंवा अवरक्त किरणांनी काढायच्या प्रतिमाही आता उपलब्ध आहेत. या रोगासोबत येणारा मोतीबिंदू आणि दृष्टिपटलाच्या मध्यावरची सूज यांवर उपचार आहेत. ‘याला काही औषधच नाही’ म्हणून तपासणी सोडणारे लोक तेवढी दृष्टी विनाकारण गमावतात.

या सगळ्याच्या आधीची पायरी म्हणजे कोणता बिघाड आहे ते समजून घेणे. त्यासाठी थोडेसे रक्त पुरते. त्यातून जे कळते ते कधी कधी जड असते. आमच्या रिपोर्टात चुकीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकसारख्या निघाल्या, एक आईकडून आणि एक बाबांकडून. आई ही बाबांच्या मामांची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी करणे हा हक्क समजला जाई, कौतुकाने केलेले लग्न होते ते. त्या दोघांच्या एका सामाईक पूर्वजाकडून एकच चूक दोन वाटांनी आली आणि माझ्या भावात भेटली. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक. मला रोग नाही. पण ती चूक माझ्यातही असण्याची शक्यता तीनात दोन आहे. भावाच्या दोन्ही मुलांत ती नक्की आहे. त्यांना त्याचा त्रास नाही, फक्त नात्यात लग्न ठरवताना ही गोष्ट उघड बोलावी लागेल. आजीच्या गोष्टीतला जावई जे लपवत होता, ते आता लपवून चालणार नाही.

भावाचे उत्तर

भावाचा बिघाड चौथ्या गटातला निघाला: पेशीचे टोक आणि धड यांच्या सांध्याजवळच्या एका प्रथिनाचा. प्रकाशाच्या साखळीशी त्याचा थेट संबंध नाही.

मी त्याच्यापुढे सगळे मांडले. पडद्यांनी काही साधले नाही, हे मी खात्रीने सांगितले. घरातल्या उजेडाचे प्रमाणच तसे होते. क्रिकेटचे सांगणे कठीण होते. मैदान उन्हातले, तिथे न जाण्याने खराच पुष्कळ उजेड टळला. पण बोस्टनच्या त्या दोघांनी मैदान सोडण्यापेक्षा कितीतरी जास्त केले होते, पाच वर्षे डोळ्यावर अंधार बांधला होता, आणि त्यांना काही मिळाले नाही. त्यांची जनुके त्याच्यासारखीच होती की नाही, ते कोणी तपासलेले नव्हते. त्याच्या जातीच्या बिघाडात उन्हाने रोग वेगाने वाढतो असा माणसांमधला पुरावा माझ्या वाचनात आला नाही. “तेव्हा बहुतेक उगाचच,” मी म्हणालो, “पण त्या वेळी जे कळत होतं त्यावरून सोडलंस, ते चूक नव्हतं.”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बॉल तसाही दिसत नव्हता रे. शेवटच्या वर्षी बाजूनं येणारा कॅच मला कधीच दिसला नाही. मुलं समजायची मी घाबरतो. डॉक्टरांनी नको म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. आईला मात्र हे कधी सांगितलं नाही.”

म्हणजे माझ्या सगळ्या वाचनात नसलेले एक कारण त्या अंधाराला होते. चौदा वर्षांच्या मुलाला त्याने अब्रूने मैदान सोडू दिले होते. आणि आईलाही, जिच्या हाती दुसरे काहीच नव्हते, शिवायला काहीतरी मिळाले होते.

त्याच्या दृष्टीचे क्षेत्र आता दहा अंशांच्या आत आले आहे. २०१६ च्या कायद्याप्रमाणे तो अंध ठरतो, तसे प्रमाणपत्रही त्याच्याकडे आहे. पण त्या लहान वर्तुळातून तो अजून वर्तमानपत्र वाचतो. पूर्वेच्या खिडकीत खुर्ची टाकून, सकाळचे ऊन पानावर घेऊन, एकेक ओळ. बाहेर पडताना टोपी आणि पांढरी काठी घेतो. टोपी मी दिलेली आहे. जनुकाच्या दृष्टीने तिचा उपयोग किती, हे त्याला माहीत आहे. चमक कमी लागते, एवढ्यासाठी ती बरी, असे तो म्हणतो. यंदा दिवाळीला घरी आलो तेव्हा आईची जुनी ट्रंक उघडली. तळाशी ते काळे पडदे घडी घालून ठेवलेले निघाले. भावजयीने विचारले, फेकू का? भावाने हात लावून कापड ओळखले आणि म्हणाला, “राहू दे. चांगलं जाड आहे. दुपारी झोपायच्या खोलीला लावू, उन्हाळ्यात.”